लाइट गेल्याचं सांगायला त्यालाच लाइट लागायची

३,०५,६२० रुपये. लाइट गेली की कळवणारे चौदा अलार्म बॉक्स, प्रत्येकी १८,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. दोन महिने घरात आकडा लपवला, आता काय लपवायचं!

पाटण तालुक्यात आमचं छोटं इंटरनेट नेटवर्क आहे. एक कंट्रोल रूम, डोंगरावर तीन टॉवर, वाड्यावस्त्यांवर नेटच्या मशिनांच्या दहा पेट्या. लाइट गेली, बॅटरी उतरली, पेटीचं दार उघडलं तर मोबाइलवर अलार्म यावा, एवढंच हवं होतं. विक्रेता म्हणाला, "दादा, सगळीकडे एकच मॉडेल टाका. सोळा इनपुट, म्हणजे सोळा सेन्सर जोडा. एसएनएमपी, म्हणजे नेटवरून थेट तुमच्या सर्व्हरला खबर. आणि ४८ व्होल्टवर, टॉवरच्या बॅटरीवरच चालतं."

डेमो माझ्याच टेबलावर झाला. दाराचा सेन्सर उघडला, टिंग करून एसएमएस आला, पोरं खूश. आणि तो काळा अडॅप्टर? त्याला एक्स्टेंशन बोर्ड मीच आणून दिला, माझ्या या हातांनी! ४८ व्होल्टचं टर्मिनल कुठंय, हेही विचारलं होतं. "हा सॅम्पल पीस, मालात येईल." पावसाळा तोंडावर, ओळखीतून आलेला माणूस, तुम्ही काय केलं असतं?

पहिल्याच वादळात टॉवर अकरा तास अंधारात. लाइटबरोबर बॉक्सही गेला, अलार्म येणार कुठून! चार बॅटऱ्या पार उतरून बाद झाल्या, ३६,८०० वेगळे. बॉक्स खोलला तर बाहेर सोळा टर्मिनल, आत वायरी चारच. एसएनएमपी फक्त स्टिकरवर.

डेमोत आधी प्लग उपटा. पेटीला चार इनपुट पुष्कळ झाले, तिथं सोळाचे पैसे घालू नका. कंट्रोल रूमसाठी मात्र व्होल्टेजचा आकडा दिसायला हवा आणि ट्रॅप, म्हणजे एसएनएमपीचा अलार्म, आपल्या सर्व्हरवर उतरायला हवा. त्याआधी दमडी सोडू नका.

पोलीस म्हणाले, माल मिळालाय ना, मग दिवाणी मामला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर विचारलं, ओटीपी दिला होता का? वकील म्हणाला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी माल घेणाऱ्याला ग्राहक म्हणत नाहीत, पोटापुरता स्वयंरोजगार असेल तरच सूट. स्वयंरोजगार म्हणावं तर सहा पोरं पगारावर. म्हणजे धंदा करणाऱ्याला लुटायला मोकळीक! जीएसटीवाल्यांनी तर कहर केला. बिलावरचा विक्रेत्याचा जीएसटी नंबर बिलाआधीच रद्द झालेला. पोर्टलवर फुकट दिसतं, टाकून बघा. मी बघितला नाही. त्याला शोधायचं सोडून मलाच नोटीस: या बिलावरच्या जीएसटीचं वजावटीला घेतलेलं ४६,६२० चं क्रेडिट व्याजासह परत भरा.

त्याचा व्हॉट्सअ‍ॅप डीपी परवा बदलला. नवीन गाडी आहे.