छोट्या बॉडीची इलेक्ट्रिक गिटार बनवून घेतली, पाच महिने वाजवल्यावर लिहितेय

माझी उंची पाच फुटाला एक इंच कमी, आणि गेली नऊ वर्षं मी स्ट्रॅटसारखी (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) नेहमीच्या मापाची गिटार वाजवत होते, ३.७ किलोची. बसून वाजवताना काही नाही, पण उभं राहून दोन तास झाले की डावा खांदा भरून यायचा, आणि डोंबिवलीहून दादरला प्रॅक्टिसला लोकलने जायचं म्हणजे ती बॅग पाठीवर ठेवू की पुढे घेऊ हेच कळायचं नाही. शेवटी गेल्या वर्षी ठरवलं की आपल्या मापाचीच बनवून घ्यायची. ठाण्याजवळ एक छोटं वर्कशॉप आहे, दोघंच जण काम करतात, त्यांच्याकडे दिली. पिकअप (तारेचं कंपन पकडून अँपकडे पाठवणारं चुंबकी यंत्र) धरून ६४ हजार लागले. तीन महिन्यांत देतो म्हणाले होते, साडेपाच लागले.

आधी एक गोष्ट सांगते कारण माझाच यात गोंधळ होता. बॉडी छोटी आणि स्केल छोटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (बॉडीवर तारा जिथे टेकतात ती जागा) तारेची लांबी, स्ट्रॅटची साडेपंचवीस इंच. फेंडरची १९६२ ची जॅग्वार बघा, स्केल २४ इंच पण बॉडी चांगली ऐसपैस. त्याच्याही आधी १९५६ मध्ये त्यांनी शिकणाऱ्यांसाठी म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक काढल्या त्यात स्केल साडेबावीसच इंच होतं. मला खांद्यासाठी बॉडी छोटी हवी होती आणि बोटांसाठी स्केल थोडं कमी, म्हणून २४ इंच घेतलं. साडेपंचवीसला पहिला फ्रेट (बोटांखालची धातूची आडवी पट्टी) नटपासून साधारण ३६ मिलीमीटरवर येतो, चोवीसला ३४ वर. दोन मिलीमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत पण खालच्या फ्रेट्सवर चार बोटं ताणून कॉर्ड धरायची असते तेव्हा कळतं.

लाकूड त्यांनी तूण सुचवलं, मिरजेकडे सतारीला वापरतात तेच, आणि फ्रेटबोर्ड शिसवीचा. मी सागवान म्हणत होते पण वर्कशॉपमधले दादा म्हणाले ताई, सागवान दिसायला छान पण वजन वाढेल, मग एवढं करून उपयोग काय. पटलं. बॉडी ४० मिलीमीटर जाड, आतून थोडी पोकळ, वर फक्त तेलाचं फिनिश, त्यामुळे हाताला लाकूड लाकडासारखं लागतं. फ्रेटचं काम तर अप्रतिम, कडा इतक्या गोल घासल्यात की हात वरून खाली फिरवला तरी कुठे टोचत नाही, आणि हे काम मी महागड्या फॅक्टरी गिटारवरही एवढं नीट बघितलेलं नाही.

आता जे चुकलं ते. पहिल्यांदा गिटार गळ्यात घालून मी हात सोडला आणि नेक, म्हणजे गिटारचा दांडा, सरळ जमिनीकडे गेली. नेक डाइव्ह. स्ट्रॅटचं वरचं शिंग (बॉडीचं नेककडे निघालेलं टोक) बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचतं, पट्ट्याचं बटण तिथे असतं म्हणून ती गळ्यात सरळ राहते. आम्ही बॉडी लहान करताना शिंगही लहान केलं, म्हणजे बटण ब्रिजकडे सरकलं, वर बॉडी पोकळ करून हलकी केली आणि नेक मात्र होती तेवढ्याच वजनाची. म्हणजे वजन कमी करायला जे जे केलं त्याने तोल बिघडतच गेला. वाजवताना डाव्या हाताने सतत नेक उचलून धरायची, मग खांद्याऐवजी मनगट दुखायला लागलं. मी खरंच रडायच्या बेतात होते, एवढे पैसे घातलेले.

मला राग याचा आला की कापायच्या आधी पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा बनवून माझ्या गळ्यात घालून बघितलाच नाही, कागदावर चित्र दाखवलं आणि मी हो म्हटलं. हे त्यांना कळायला हवं होतं, त्यांचं रोजचं काम आहे. पण पुढचं त्यांनी मनापासून केलं आणि एक रुपया जास्त घेतला नाही. हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) कापून लहान केला, जड बंद ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) काढून हलके उघडे लावले, त्यातच शंभरेक ग्रॅम गेले, आणि ते अगदी टोकाचे शंभर ग्रॅम म्हणून फरक लगेच दिसला. मग नवीन बॉडी, यावेळी आधी पुठ्ठा. वरचं शिंग बारीक पण लांब काढलं, आणि मागच्या बाजूला पोकळी न ठेवता भरीव लाकूड ठेवलं. आता २.८ किलो भरते, पहिल्या वेळेपेक्षा थोडी जास्तच, पण हात सोडला तर जागेवर राहते, आणि आतून खरखरीत चामड्याचा पट्टा लावला की अजिबात हलत नाही. उशीर झाला तो मुख्य याच्यामुळे.

आवाज लहान होईल का असं मला सगळ्यांनी विचारलं. नाही झाला. अशा इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज मुख्यतः तार आणि पिकअपचा, अकूस्टिकसारखा पेटीचा नाही. ब्रिजजवळ हंबकर आणि नेकजवळ सिंगल कॉइल असे दोन प्रकारचे पिकअप आहेत, अँपमधून ऐकून कुणी सांगू शकणार नाही की बॉडी एवढीशी आहे. तारा मात्र बदलाव्या लागल्या. स्केल कमी झालं की त्याच सुराला ताण कमी लागतो, साडेपंचवीसवरून चोवीसला आलं तर साधारण ११ टक्के, त्यामुळे माझा नेहमीचा ९ चा सेट (सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) लिबलिबीत वाटायला लागला आणि जाड तार जरा जोरात छेडली की सूर वर जायचा. १० चा लावला आणि प्रश्न मिटला, बेंडसुद्धा (तार बोटाने ओढून सूर चढवणं) आरामात होतात.

छोट्या तक्रारी आहेत. जागा कमी म्हणून व्हॉल्यूमचा नॉब ब्रिजला इतका चिकटून आलाय की पाम म्यूट करताना (तळहात तारांवर टेकवून आवाज दाबताना) करंगळी लागून आवाज कमी होतो, त्याला अजून सरावतेय. उजव्या कोपराला टेकायला बॉडी पुरत नाही, बसून वाजवताना जाणवतं. जुलैच्या पावसात नेक वाकून तारा वर आल्या होत्या, पण ट्रस रॉड (नेकचा वाक कमी-जास्त करायचा आतला गज) कसा फिरवायचा ते त्यांनी मला शिकवून ठेवलं होतं, पाव फेऱ्यात जागेवर आल्या.

लांबीला जुन्या गिटारपेक्षा जेमतेम चारच इंच कमी आहे पण परवा संध्याकाळच्या गर्दीत दादरहून उभ्याने आले आणि उतरेपर्यंत खांद्याची आठवण झाली नाही. दुसऱ्या बॉडीचा पुठ्ठ्याचा साचा मी मागून घेतलाय, बटणाची आणि ब्रिजची जागा त्यावर पेनाने लिहिलेली आहे. माझ्यासारख्या कमी उंचीच्या कुणाला गळ्यात घालून बघायचा असेल तर सांगा, दादरला येताना घेऊन येईन.