हेवी डिपॉझिट की पागडी? मुंबईत थोडे एकरकमी पैसे असणाऱ्यांसाठी

मुंबईत दर महिन्याला पूर्ण भाडं भरणं झेपत नाही, विकत घ्यायला कर्ज मिळत नाही, पण गावची जमीन, निवृत्तीचा फंड आणि घरातलं थोडं सोनं मिळून काही लाख रुपये उभे राहू शकतात, अशा कुटुंबांसाठी हे लिहितोय. दलालाकडे गेलात की तो दोन गोष्टी पुढे करतो, हेवी डिपॉझिट किंवा पागडी. दोन्हीकडे एकदम रक्कम जाते आणि नंतर महिन्याचा भार नावापुरता राहतो, म्हणून वरवर दोन्ही सारखीच वाटतात. फरक असा की हेवी डिपॉझिट म्हणजे भाड्याऐवजी मालकाकडे ठेवलेली मोठी रक्कम, जी करार संपला की परत मिळते, आणि पागडी म्हणजे जुन्या इमारतीतल्या खोलीचा भाडेकरू होण्यासाठी एकदाच दिलेली किंमत. आम्ही आधी उपनगरात हेवी डिपॉझिटवर राहिलो, आता परळच्या बाजूला एका चाळीत पागडीच्या खोलीत आहोत. माझा कल कुठे आहे ते यावरून कळलंच असेल, पण पहिल्या पर्यायाचं जे चांगलं आहे तेही प्रामाणिकपणे सांगतो.

सरकारी भाड्याच्या घरांचं आधी उरकून टाकू, कारण कोणीतरी विचारतंच. म्हाडाची सोडत मुख्यतः मालकीच्या घरांची असते, भाड्याच्या नाही. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती, पण पुढे तिचं रूपच बदललं. पनवेलजवळच्या कोन इथली घरं तर सोडतीतून गिरणी कामगारांना गेली. ज्याला येत्या दोन-तीन महिन्यांत छप्पर हवंय त्याने या वाटेवर डोळे लावून बसू नये, असं मला वाटतं.

मुंबईतलं खरं सवलतीचं भाडं पागडीत आहे. ही सवलत सरकारच्या तिजोरीतून येत नाही, ती घरमालकाच्या खिशातून येते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो वर्षाला चार टक्केच भाडं वाढवू शकतो. मूळ भाडं तीनशे रुपये असेल तर वाढ झाली बारा रुपयांची. तो हे खुशीने देत नाही, आणि ते प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी कळतं. त्यावर पुढे येतो.

आता हेवी डिपॉझिट. आम्ही राहायचो त्या भागात दलालांचा ठोकताळा असा होता की डिपॉझिट लाखाने वाढवलं की महिन्याचं भाडं हजाराने उतरतं. म्हणजे वर्षाला बारा टक्के सुटले. मुदत ठेवीवर इतकं कुठे मिळतं? शिवाय घर फ्लॅटमधलं, संडास-बाथरूम आत, लिफ्ट, वॉचमन. चाळीच्या मानाने हे सुख मोठं आहे, नाही म्हणत नाही. कागदपत्रांचा खर्चही किरकोळ. दहा लाख डिपॉझिटचा दोन वर्षांचा करार असेल तर मुद्रांक शुल्कासाठी त्या रकमेवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, म्हणजे दोन वर्षांचे दोन लाख. त्यावर पाव टक्का म्हणजे पाचशे रुपये, आणि नाममात्र भाडं असेल तर त्यावरचे थोडे. महापालिका हद्दीत नोंदणीचे हजार वेगळे. त्यामुळे ‘करारात दोनच लाख दाखवू, बाकीचे हातात द्या’ असं कोणी म्हणालं तर शुल्क वाचवायचं हे कारण खरं नाही एवढं नक्की. तिथून उठून यावं.

कागद चोख असला तरी एक गोष्ट उरते. हेवी डिपॉझिटचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असतो, आणि त्यात तुमचा घरावर कसलाही हक्क तयार होत नाही, फक्त ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी मिळते. मग ते दहा लाख काय झाले? व्यवहारात तुम्ही मालकाला दिलेलं बिनतारण कर्ज. त्याच्या फ्लॅटवर बँकेचं कर्ज असेल आणि त्याने हप्ते थकवले, तर बँक फ्लॅटचा ताबा घेईल आणि तुमचे पैसे मागायला तुम्ही मालकामागे फिरत राहाल.

आमच्या बाबतीत असलं काहीच झालं नाही. मालक सज्जन होता, करार नोंदवलेला होता, रक्कम बँकेतून गेली होती. नडला तो करार संपतानाचा महिना. डिपॉझिट त्याने कधीच दुसरीकडे गुंतवलं होतं, आणि तसं त्याने आधीपासून लपवलंही नव्हतं. ‘पुढची पार्टी आली की तिचाच चेक तुमच्या नावाने’ असं त्याचं म्हणणं. म्हणजे आमची सुटका एका अनोळखी कुटुंबाच्या पसंतीवर. मग संध्याकाळी कधीही बेल वाजायची. येणारी मंडळी ओट्याखालचं कपाट उघडून बघायची, नळ सोडून पाण्याचा जोर तपासायची, आमच्याच पलंगावर बसून एकमेकांत भाव ठरवायची. आणि आम्ही चहा विचारत घराची तारीफ करत उभे, कारण यांनी हो म्हटल्याशिवाय आमचे पैसे सुटत नव्हते. भिंतीवर ओल होती ती दाखवायची की नाही यावरून घरात वादही झाला. दाखवली, आणि ती पार्टी गेली.

त्याच वेळी आम्ही जी खोली बघत होतो तिथला माणूस पूर्ण रक्कम हातात आल्याशिवाय किल्ली देणार नव्हता, आणि त्याचंही बरोबरच होतं, त्यालाही पुढे कुठेतरी भरायची होती. लोकलच्या सिग्नलसारखं झालं, पुढची हलेना म्हणून मागच्या सगळ्या उभ्या. कायदा तर अशा वेळी आणखी गंमत करतो. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. पैसे अडकलेले आमचे, आणि मुदतीबाहेर राहणारेही आम्हीच! (आमचं करारातलं भाडं इतकं नाममात्र होतं की त्याची दुप्पट ऐकून हसू आलं असतं. पण तत्त्व बघा.)

हे मालक वाईट निघाला म्हणून झालं असतं तर दुसरा मालक शोधला असता. पण हेवी डिपॉझिट घेणाऱ्याला मुळात पैशांची नड असते, म्हणूनच तो भाड्यावर पाणी सोडतो. त्यामुळे परत द्यायची वेळ आली की रक्कम हाताशी असणारा मालक विरळाच असावा. म्हणजे दर अकरा किंवा बावीस महिन्यांनी, कितीही चांगल्या माणसाकडे राहिलात तरी, हा खेळ पुन्हा. वर दहा लाखांचे दहा लाखच परत येतात, आणि तोवर त्याच भागातलं डिपॉझिट वर गेलेलं असतं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच घ्यावं असं आहे. तो मसुदा जसाच्या तसा इथे लागू झाला तर हा सगळा प्रकारच बंद पडेल, पण त्यावर विसंबून आजचा निर्णय घेता येत नाही.

पागडीकडे येतो. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात पागडी घेणं हा गुन्हा होता, म्हणून ते व्यवहार उशीखालून व्हायचे. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने पागडीला मान्यता दिली. त्यामुळे आता रक्कम बँकेतून देता येते आणि कागद नोंदवता येतो. आधीचा भाडेकरू हक्क सोडतो, मालक तुम्हाला भाडेकरू करून घेतो, आणि त्यासाठी साधारण किमतीचा तिसरा हिस्सा मालकाला द्यायचा असा रिवाज आहे. या सगळ्यात एकच गोष्ट जिवाची, ती म्हणजे मालकाच्या सहीची भाडेपावती तुमच्या नावावर होणं. ‘आधी राहायला या, पावतीचं बघू’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. मालकाच्या संमतीशिवाय शिरलात तर कायद्याच्या नजरेत तुम्ही पोटभाडेकरू, आणि खोली खाली करून घ्यायला मालकाला आयतं कारण मिळतं.

आता पागडीतला त्रास. आमच्या मजल्यावर संडास सामायिक आहेत आणि सकाळची रांग ज्याची त्याला माहीत. मालक दुरुस्तीला हात लावत नाही. तीनशे रुपये भाड्यात त्याने काय लावावा, हाही प्रश्नच आहे. पावसाळ्याआधी भाडेकरूच वर्गणी काढून छतावर ताडपत्री टाकतात. बहुतेक बँका पागडीच्या खोलीवर कर्ज देत नाहीत, त्यामुळे सगळी रक्कम स्वतःची लागते. खोली कारणाशिवाय सहा महिने बंद ठेवली तर मालक दावा लावू शकतो. भाड्याने देऊन वर कमाई करायचा विचार तर सोडूनच द्या. आणि इमारत खचलीच तर पुढचा मुक्काम संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत. तिथे गेलेल्या काही कुटुंबांची पुढची पिढीही तिथेच वाढलेली आहे, हे डोळ्यांआड करून चालणार नाही.

म्हणून खोली आवडली तरी दोन-तीन गोष्टी बघूनच पुढे जावं. शहर भागातल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींपैकी अतिधोकादायक इमारतींची यादी म्हाडा दर वर्षी पावसाळ्याआधी काढते, तीत इमारतीचं नाव आहे का ते बघा. लघुवाद न्यायालयात त्या खोलीवर दावा चालू आहे का, हे वकिलाकडून काढून घ्या. मूळ भाडेकरू वारला असेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या वारसांपैकी कोणाचा हक्क आहे, आणि सगळ्यांच्या सह्या आहेत का, तेही. पुनर्विकासाची आशा असेल तर आणखी एक तारीख लक्षात ठेवा, १३ जून १९९६. त्यानंतर नव्याने निर्माण केलेले भाडेकरूचे हक्क उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात धरत नाहीत. मोठ्या खोलीचे मागाहून दोन भाग करून त्यातला एक तुम्हाला विकला जात असेल तर पुनर्विकासात मिळणाऱ्या ३०० चौरस फुटांच्या घराचं स्वप्न तिथेच संपलं. जुन्या पावत्या मागून त्या काळापासूनची साखळी जुळवा.

हे सगळं जुळलं तर मात्र कॅलेंडरकडे बघत राहायची गरज उरत नाही. नियमाने भाडं भरत राहिलं तर अकरा महिन्यांनी कोणी उठवत नाही, मुलांच्या शाळेतला, गॅसवरचा, रेशन कार्डावरचा पत्ता बदलत नाही. उद्या निघायचं ठरलं तर गिऱ्हाईक आम्हालाही शोधावं लागेल आणि मालकाचा हिस्साही जाईल, पण ते आमच्या सवडीने आणि त्या वेळच्या भावाने. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं.

तरी बदलीची नोकरी असेल, दोन-तीन वर्षांपुरतंच राहायचं असेल, किंवा घरात जिना आणि सामायिक संडास न झेपणारं म्हातारं माणूस असेल, तर मी पागडीचा आग्रह धरणार नाही. हेवी डिपॉझिटच घ्यायचं ठरलं तर किल्ली आणि संपूर्ण रक्कम एकाच दिवशी, एकाच वेळी दिली-घेतली जाईल, आणि रक्कम मिळेपर्यंतच्या राहण्याला मुदतीबाहेरचं धरलं जाणार नाही, अशी ओळ करारात घालून घ्या. मालक त्या ओळीला किती खळखळ करतो, यावरून त्याच्याकडे पैसे आहेत की नाहीत याचा बराच अंदाज येतो.