थर्मोप्लास्टिकचे पट्टे: दिवसा झकास, रात्री गायब
गंगापूर रोडलगतच्या कॉलनीत ठेकेदाराने रस्त्यावर मारलेले थर्मोप्लास्टिकचे (वितळवून गरमागरम ओढायच्या रंगाचे) पांढरे पट्टे दिवसा झकास दिसतात. दुचाकीच्या उजेडात मात्र निम्मे गायब. दोष पट्ट्यावर शिंपडायच्या बारीक काचेच्या मण्यांचा; हेडलाइटचा उजेड चालकाकडे परत फेकतात ते हेच. माल गरम असतानाच ते चौरस मीटरला 250 ग्रॅमच्या आसपास पडायला हवेत. इथे उशिरा शिंपडले, म्हणून बोट फिरवलं की वाळूसारखे सुटून येतात. जाडी 2.5 मिमी, तक्रार नाही. (पत्र्याच्या तुकड्यावरून पट्टा ओढायला लावा, मग कॅलिपरने मोजा.) ओल्या डांबरावर काम करू देऊ नका, खालची वाफ फोड आणते, तिथूनच पापुद्रा सुटतो. बिल चुकवण्याआधी रात्री हेडलाइट लावून बघाच. रिफ्लेक्टोमीटर मिळाला तर उत्तम: 30 मीटर पुढचा पट्टा चालकाला किती उजळ दिसेल, ते तो आकड्यात सांगतो.