बेचाळीस प्रती छापून देणारा छापखाना, म्हापसा

माझ्या छोट्या पुस्तकाच्या बेचाळीसच प्रती हव्यात म्हटल्यावर पणजीत दोन ठिकाणी 'पाचशे तरी काढा' म्हणून वाटेला लावलं. म्हापशाच्या बाजारामागच्या या जिन्याखालच्या छापखान्यात मालकाने एवढंच विचारलं, "पानां कितलीं?"

बत्तीस. आत 80 जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद, कव्हरला जाड आर्ट कार्ड, शिवण म्हणून घडीवर सेंटर पिन. प्रतीमागे 65 रुपये. गोष्ट माझीच, खाजनातल्या (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतातल्या) मानशीखाली, म्हणजे पाण्याच्या झडपेखाली, बुडालेल्या सर्पदुर्ग नावाच्या राज्याची.

बेचाळीसच का? रॉबर्ट बार्लोपायी. हा फ्लोरिडातला पोरगा अद्भुतकथा लिहायचा. तेराव्या वर्षी त्याने लव्हक्राफ्ट या अमेरिकी भयकथाकाराला पत्र धाडलं. 1934 मध्ये तो मोठा लेखक त्याच्याकडे मुक्कामाला आला, तर यजमान जेमतेम सोळाचा! पुढच्या वर्षी नाताळाला बार्लोने लव्हक्राफ्टची मांजरांची गोष्ट घरच्या छापखान्यात छापली, प्रती 42, भेट म्हणून. पुढे मेक्सिकोत जाऊन तिथल्या मूळ रहिवाशांची नाहुआत्ल भाषा शिकला, त्या भाषेत वर्तमानपत्रही काढलं. 1951 मध्ये गेला, बत्तिसाव्या वर्षी. लेखक म्हणून त्याला कोण ओळखतं? पण गोव्यात बसून मराठीत राक्षस-राजकन्या लिहिणाऱ्याला तो घरचाच वाटतो. त्याने भेट नाताळाला दिली, मी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, द्यायची ठरवली.

आता तक्रार. युनिकोडमधली फाईल यांनी आपल्या जुन्या फॉन्टमध्ये ओतली आणि सगळे रफार उडाले. पहिल्या प्रुफात माझं सर्पदुर्ग 'सपदुग' झालं होतं. दुरुस्तीला गेलो की "फाल्यां यो", म्हणजे उद्या ये. असे चार फाल्यां झाले. शेवटी घरून पीडीएफ करून नेली, तेव्हा काम एका दुपारी उरकलं. तुम्हीही तेच करा, टाइपसेटिंग यांच्यावर सोडू नका.

छपाई मात्र नितळ. श्रावणातल्या दमटीने लॅमिनेशन केलेली कव्हरं पापडासारखी वळली, तर मालकाने न सांगता रात्रभर कागदाच्या रिमांखाली दाबून ठेवली. मला आत बसवून घड्या घालू दिल्या, चहा पाजला. एका प्रतीत मधली चार पानं उलटी लागली आहेत. ती मी भावोजींना दिली, ते वाचत नाहीत.

जायचं तर शुक्रवार टाळा. बाजाराच्या गर्दीत स्कूटर ठेवायलाही जागा मिळत नाही.