जेवणाच्या टेबलामागे काय लावाल: आमाते की लोकरचित्र?

मेक्सिकोहून मका-सणांचं रंगीत चित्र आणायचं ठरलं, की बहुतेकांची गाडी दोनांपाशी अडते: आमातेवरचं चित्र, नाहीतर हुइचोल लोकांचं लोकरचित्र. हे लोक स्वतःला विरारिका म्हणवतात.

आमाते म्हणजे झाडाच्या सालीचा कागद. पुएब्ला राज्यातल्या सान पाब्लितोचे ओतोमी लोक तो बनवतात. पूर्वी साल असायची आपल्या वड-उंबराच्या गोत्यातल्या झाडांची, आता बरीचशी जोनोते नावाच्या झाडाची. साल चुना किंवा राख घालून शिजवायची, पट्ट्या फळीवर उभ्या-आडव्या मांडायच्या आणि दगडाने ठोकून एकजीव करायच्या. तोर्तियाचा, म्हणजे तिकडच्या मक्याच्या भाकरीचा मकाही चुन्याच्या पाण्यातच शिजतो, म्हणजे कागद आणि भाकरी एकाच हातखंड्याची. त्यावरची चित्रं प्रामुख्याने गेरेरो राज्यातल्या नाहुआ लोकांची. हे लोक आधी मडकी रंगवायचे, १९६०च्या दशकात कागदाकडे वळले. नांगरणी, कणसांची काढणी, वरात, बाजार असं अख्खं गाव एका कागदावर! उजेडासमोर धरलात तर रंगांमागून सालीचे धागे दिसतात. मला चित्राइतकेच तेही आवडतात.

लोकरचित्रात गाव नसतं, देव असतात. प्लायवुडवर मधमाशीचं मेण उन्हात मऊ करून थापतात, मग अंगठ्याने लोकरीचा एकेक धागा दाबत आकाराच्या कडेकडून आत वळवत नेतात. हरीण, पेयोते निवडुंग आणि मका या तिघांना विरारिका एकच मानतात. मका पाच रंगांचा. मूळ ही देवाला वाहायची छोटी तबकडी, विक्रीची मोठी चित्रं विसाव्या शतकातली. मागच्या बाजूला कलाकाराने कथा लिहिली आहे का, ते आधी उलटवून बघा.

किमतीचं काही सांगत नाही, ती आकार आणि हातावर ठरते. घराचं मात्र सांगतो. मुंबई-कोकणात आमातेला दमट हवा आणि कसर बाधते, म्हणून काच हवीच. लोकरचित्राला ऊन नको, मेण सैल पडतं. फोडणीचा धूर तर नकोच, लोकरीत बसलेला तेलकटपणा निघत नाही. आमाते नळीत गुंडाळून बॅगेत येतं, प्लायवुड हातातच धरून आणावं लागतं.

जेवायला बसलेली मुलं बोट दाखवून "हा काय करतोय?" विचारतील असं हवं असेल, तर आमाते घ्या. माझी पसंती तीच. लोकरचित्र आवडलंच, तर दिवाणखान्यात लावा, स्वयंपाकघरापासून लांब.