जुना व्हॉल्व्ह की नवा? मुलार्ड, बीईएल, रशियन आणि जेजे यांतून निवडताना

अँप्लिफायरमधल्या काचेच्या व्हॉल्व्हबद्दल (व्हॅक्यूम ट्यूब) माझं मत आधीच सांगून टाकतो: सुरुवातीच्या टप्प्यांत सिग्नल वाढवणारे छोटे व्हॉल्व्ह जुने घ्या, स्पीकर चालवणारे आउटपुटचे नवे घ्या, आणि जुन्यात शोध बीईएलपासून (भारत इलेक्ट्रॉनिक्स) सुरू करा. मुलार्ड किंवा टेलिफंकन या युरोपियन नावांना पैसे मोजायची गरज फार थोड्यांना पडते.

कोल्हापुरात कुणी वडिलांचा रेडिओग्राम माळ्यावरून खाली काढतो, कुणी लाउडस्पीकरवाल्याकडून जुना अँप्लिफायर उचलतो, कुणी उद्यमनगरात पत्रा वाकवून चेसिस करून घेतो आणि घरी जुळणी करतो. व्हॉल्व्हपाशी येऊन सगळेच अडतात. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड नाहीतर ऑनलाइन, एवढेच मार्ग उरतात. म्हणून पैसे देण्याआधी काय बघायचं हे ठरलेलं असावं.

सुरुवात व्हॉल्व्हच्या जागेपासून करू. सिग्नलच्या ईसीसी८३ (अमेरिकन नावानं १२एएक्स७) मध्ये दोन ट्रायोड (सिग्नल वाढवणारे भाग) असतात आणि प्रत्येकातून साधारण एक मिलिअँपिअर वाहतो. तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडवर ताण नसल्यासारखाच, म्हणून चांगला ईसीसी८३ दहा हजार तासही काढतो. आउटपुटच्या ईएल८४ चं उलटं आहे. त्याच्या अ‍ॅनोडची (इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या पत्र्याची) मर्यादा १२ वॅट, आणि बरेच अँप्लिफायर त्याला या मर्यादेला टेकवूनच चालवतात. ईएल३४ ची मर्यादा २५ वॅट. हे व्हॉल्व्ह काही हजार तासांत थकतात. न वापरलेला जुना मुलार्ड ईएल३४ मिळवलात तरी तो रोज थोडा थोडा संपत जाणार, आणि वापरलेला घेतलात तर किती शिल्लक आहे हे चांगल्या टेस्टरशिवाय कळायचं नाही. ईसीसी८३ मात्र एकदा बरा मिळाला की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. शिवाय त्या पहिल्या टप्प्यात सिग्नल पन्नास-साठ पटींनी वाढतो, त्यामुळे खरखर, गुणगुण, जे काही शिरायचं ते तिथूनच शिरतं. पैसा तिथं घालावा.

आता युरोपियन नावं. इंग्लंडात ब्लॅकबर्नला बनलेले मुलार्ड, जर्मन टेलिफंकन, अँपरेक्स नावानं विकले गेलेले फिलिप्सचे हॉलंडचे व्हॉल्व्ह, यांचा लौकिक उगाच झालेला नाही. देवल क्लब या गायनसंस्थेच्या गावात अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याचं गाणं ऐकणारे कान भरपूर आहेत, त्यांना हा फरक लगेच कळतो. मुलार्डवर त्याच घराण्याच्या केसरबाई केरकरांचा आवाज जरा पुढे येऊन बसतो, टेलिफंकनवर तानेतला दाणा न् दाणा सुटा ऐकू येतो. हे मी मनापासून सांगतोय. पण एक चांगला मुलार्ड आणि एक थकलेला मुलार्ड यांतला फरक याहून कितीतरी मोठा असतो, आणि बाजारात दोघांवर नाव एकच छापलेलं असतं.

छपाईवर तर विसंबूच नका. ती बोटानंही पुसली जाते आणि पुन्हा हवी ती मारता येते. फिलिप्सच्या गोतावळ्यातल्या व्हॉल्व्हवर काचेच्या तळाजवळ करड्या रंगाचा बारीक कोड असतो, तो भिंगातून वाचा. उदाहरणार्थ ‘बी५के३’: बी म्हणजे ब्लॅकबर्न, ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा, के म्हणजे अकरावा महिना, ३ म्हणजे तिसरा आठवडा. १९६५ की १९७५ हे कोड सांगत नाही, ते आतल्या बांधणीवरून ठरवावं लागतं. टेलिफंकनच्या ईसीसी८३ ला तळाच्या काचेतच, पिनांच्या मधोमध, पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण उठवलेली असते आणि ती नखाला लागते. शाईनं काढलेली असेल तर माल घेऊ नका.

बीईएलवर माझा जीव आहे आणि त्याला कारण आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये बंगळूरला उभी राहिली आणि १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवू लागली. आपल्याकडच्या असंख्य रेडिओंत तेच बसले, म्हणून बंद पडलेल्या दुरुस्तीच्या दुकानांच्या खोक्यांतून ते अजून निघतात. बांधणीत फिलिप्सचं वळण दिसतं. माझ्या टेबलावरचा एक ईसीसी८३ बघू. छपाई अर्धी उडालेली, त्यामुळे कुणाला नको होता. वरच्या टोकाला गेटरचा (आतला उरलासुरला वायू शोषणाऱ्या धातूच्या थराचा) आरसा गडद चंदेरी, कडा रेखीव, तपकिरी होऊन विरलेल्या नाहीत. करड्या अ‍ॅनोडवर भाजल्याचा डाग नाही. पिना मळकट, पण गंज काचेत शिरलेला नाही. फोनोच्या (रेकॉर्डप्लेअरचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) पहिल्या टप्प्यात घालून पेन्सिलीच्या खोडरबरानं टिचकी मारली तर स्पीकरमधून हलका ‘टक’ येतो आणि तिथंच थांबतो. घंटेसारखा घुमत राहिला असता तर त्याला मागच्या टप्प्यात ढकलला असता. असा व्हॉल्व्ह मुलार्डच्या कितीतरी खालच्या भावात मिळतो आणि डोळे मिटून ओळखा म्हटलं तर भले भले अडखळतात. तोटा एकच, मालात सारखेपणा नाही. चार घेऊन दोन निवडायची तयारी ठेवा.

रशियन लष्करी माल स्वस्त, दणकट आणि एकसारखा. ईएल८४ च्या जागी ६पी१४पी सरळ बसतो, आणि त्याचा ‘ईव्ही’ शेपटीचा प्रकार तर लांब आयुष्यासाठीच बनवलेला. आउटपुटला जुनंच लावायचा हट्ट असेल तर मी हाच सुचवेन. छोट्यांत मात्र एक खाच आहे. ६एन२पी ला विक्रेते ईसीसी८३ चा भाऊ म्हणून खपवतात. गुण जवळचे आहेत, पण हीटरची (कॅथोड तापवणाऱ्या तारेची) जोडणी वेगळी आहे: त्याला पिन ४ आणि ५ वरच ६.३ व्होल्ट लागतात, ९ नंबरची पिन आतल्या पडद्याची असते. सॉकेटच्या तारा बदलल्याशिवाय तो चालत नाही.

नव्यांत स्लोव्हाकियाचे जेजे, रशियातल्या सारातोवचे इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, चीनचे प्सव्हाने. आउटपुटला यांची जुळवलेली जोडी घ्या, वॉरंटी घ्या, आणि निवांत ऐका. ईसीसी८३ म्हणून हे वाईट नाहीत, फक्त फोनोसाठी खरखर तपासून निवडलेला नग मागा.

रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह, या सगळ्याला अपवाद. जीझेड३४ जुना, अगदी वापरलेलासुद्धा, मी नव्यावर पसंत करतो. जुने दशकानुदशकं टिकलेत, नव्यांत ठिणगी उडून मेलेले जास्त बघितलेत. फक्त त्याच्या पुढचा पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका.

कुठलाही जुना व्हॉल्व्ह घेताना गेटर पांढरा दुधाळ दिसला तर आत हवा शिरलीय, तो मेला. विक्रेत्याकडे टेस्टरचे आकडे मागा आणि दोन्ही ट्रायोडचे वेगवेगळे मागा. ‘टेस्टेड ओके’ एवढंच लिहिलं असेल तर तो आकडा नव्हे.

आता बर्न-इन, म्हणजे आणलेला व्हॉल्व्ह हळूहळू कामाला लावणं. पन्नास-साठ वर्षं खोक्यात पडलेल्या व्हॉल्व्हमध्ये थोडा वायू सुटलेला असू शकतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर त्याचा त्रास कॅथोडला होतो. म्हणून पिना स्पिरिटनं पुसा, मल्टिमीटरवर हीटर अखंड आहे आणि तो कॅथोडला भिडलेला नाही हे बघा, मग काही तास नुसता हीटर पेटवा. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असलेल्या अँप्लिफायरमध्ये हे सोपं आहे: रेक्टिफायर काढून ठेवला की हाय व्होल्टेज येत नाही, बाकीचे हीटर पेटतात. पण दिवसचे दिवस तसं ठेवू नका. करंट न वाहता कॅथोड तापत राहिला तर त्यावर रोधाचा थर धरतो आणि व्हॉल्व्ह मंद होतो.

पूर्ण चालू करताना पहिल्यांदा सिरीज बोर्डावर, म्हणजे मेनच्या वाटेत शंभर वॅटचा बल्ब लावून करा. कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटेल आणि ट्रान्सफॉर्मर वाचेल. सगळं ठीक असेल तर थेट जोडा आणि खोलीत अंधार करून आउटपुट व्हॉल्व्हकडे बघा. हीटरचा केशरी उजेड चालतो, अ‍ॅनोडचा पत्रा लाल होऊ लागला तर तत्काळ बंद.

बायसचा, म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहू द्यायचा याचा, हिशेब असा: ईएल३४ वर ४०० व्होल्ट असतील आणि मर्यादेच्या ७० टक्क्यांवर चालवायचं असेल, तर १७.५ वॅट भागिले ४०० म्हणजे साधारण ४४ मिलिअँपिअर. कॅथोडला एक ओहमचा रेझिस्टर असेल तर मीटरवरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर. हे पहिल्या दिवशी, दहा तासांनी आणि पन्नास तासांनी मोजा. मोजताना एक हात खिशात ठेवा. अँप्लिफायर बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याएवढं व्होल्टेज उरतं, ते रेझिस्टरनं उतरवून, मीटरवर शून्य बघूनच आत हात घाला. दोनशे तासांनी आवाज ‘उघडतो’ असं सांगणारे भेटतील. मोजता येणारा बदल पहिल्या काही दहा तासांत होऊन जातो, पुढे कान सरावतात.

घरातलं मेन व्होल्टेज रात्री उशिरा मोजा. अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप (मेन व्होल्टेजप्रमाणे निवडायची जोडणी) २२० ला असेल आणि भिंतीत २४५ येत असतील तर ६.३ चा हीटर ७ व्होल्टवर चालतो, म्हणजे दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. टॅप २४० वर घ्या.

आपला पावसाळाही हिशेबात धरा. जूनपासून सॉकेटवर ओल धरते आणि कुरकुर सुरू होते, तिचं खापर उगाच व्हॉल्व्हवर फुटतं. सुटे व्हॉल्व्ह सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा, सॉकेट साफ करा आणि मगच निकाल द्या. आणि ऑनलाइन घेतलेला माल आला की पार्सल बाजूला ठेवून देऊ नका. हीटर, टिचकी, बायस, हे सगळं परतीची मुदत संपायच्या आत उरकलं पाहिजे.