क्लॅम्प मीटर, नऊ महिन्यांनंतर: सॉकेटमधले ३५ वॉट

संध्याकाळी गिझरचं पाणी तापत नाही, ही आईची तक्रार. दुकानदार म्हणाला, गिझर बदला. त्याआधी एकदा मोजून तरी बघू म्हणून सोळाशे रुपयांना हा क्लॅम्प मीटर, म्हणजे तार जबड्यात धरून करंट मोजणारा मीटर, घेतला. कंपनीचं नाव देत नाही. जे सांगायचंय ते या भावातल्या बहुतेक मीटरना लागू आहे.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. गिझरच्या वायरीला जबडा लावला, तर आकडा शून्य! फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात असले की जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. आत एकच तार हवी. मग जाड वायरीच्या एका एक्स्टेन्शनची वरची साल काढून आतल्या तारा सुट्या केल्या, त्यांचं इन्सुलेशन शाबूत ठेवून. मोबाइल चार्जरसारखा बारीक करंट मोजायचा तर अशाच पण बारीक तारेचे जबड्यातून दहा वेढे काढायचे आणि आकड्याला दहाने भागायचं. ही युक्ती वायरमनने सांगितली, मीटरबरोबरच्या कागदावर नव्हती.

आता गिझर. प्लग काढून पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला: २६.४ ओम. २३० चा वर्ग भागिले २६.४ म्हणजे २००० वॉटच्या अगदी जवळ. लेबलवरही २००० च. म्हणजे कॉइल ठणठणीत आहे. (मुलीच्या नववीच्या पुस्तकात रेझिस्टन्सला ‘रोध’ म्हणतात. घरात तो शब्द तिच्याशिवाय कोणी वापरत नाही.)

मग गिझर चालू करून बघितलं. बोर्डावर २२६ व्होल्ट, तारेत ८.४ अँपिअर. भागाकार आला २६.९. हा जास्तीचा अर्धा ओम आला कुठून? खरं तर या भावातला मीटर दोन-तीन टक्के इकडेतिकडे दाखवणारच, त्यामुळे मी दुर्लक्षच केलं असतं. पण सॉकेटच्या प्लेटला हात लागला आणि ती चांगलीच गरम निघाली.

पुढचं काम वायरमनकडून करून घेतलं. बोर्ड उघडून चालू लाइनवर प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) लावायचं धाडस माझ्यात नाही, तुम्हीही करू नका. त्याने एक प्रोब सॉकेटच्या मागच्या फेजच्या स्क्रूवर आणि दुसरा गिझरच्या फेज टर्मिनलवर धरला. ४.२ व्होल्ट! दीड मीटर वायरीत पाव व्होल्टही पडायला नको. भागिले ८.४ म्हणजे अर्धा ओम, आणि ४.२ गुणिले ८.४ म्हणजे ३५ वॉट. सोल्डरिंग करायची छोटी इस्त्री २५ वॉटची असते. तिच्याहून जास्त उष्णता आमच्या भिंतीतल्या एका ढिल्या पत्तीत रोज सकाळी तयार होत होती. सॉकेट उघडलं तर आतलं प्लास्टिक तपकिरी झालेलं.

माझ्यासाठी मीटरचे पैसे इथेच वसूल झाले. हा अर्धा ओम मीटरच्या ओमच्या खुणेवर सापडला नसता, कारण दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी तो ०.३ दाखवतो. एवढा बारीक रेझिस्टन्स करंट वाहता ठेवून, पडलेल्या व्होल्टेजला अँपिअरने भागूनच काढावा लागतो. ओमची खूण मात्र फक्त प्लग काढल्यावर वापरायची, चालू लाइनवर कधीही नाही.

सॉकेट बदललं, पण संध्याकाळचं रडगाणं तसंच राहिलं. त्याचं कारण निराळं. पंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज १९० वर येतं. करंट ७.२, म्हणजे १३६८ वॉट. व्होल्टेज १७ टक्क्यांनी पडलं, पण वॉट जवळपास ३२ टक्क्यांनी, कारण करंटही बरोबर पडतो. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला पूर्ण व्होल्टेजवर १६ मिनिटं लागतात, १९० वर २३. आईला एवढंच सांगितलं की बटण सात मिनिटं आधी दाबायचं.

सगळीकडे मात्र हे गणित चालत नाही. अडगळीतला ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब गार असताना ६५ ओम दाखवतो; पेटल्यावर हिशोबाने सुमारे ८८० असायला हवेत. तापलेल्या तंतूचा रेझिस्टन्सच वाढलेला असतो, मीटर खोटा नाही. फ्रिजची गंमत वेगळी. २२८ व्होल्ट, १.१ अँपिअर, गुणाकार २५१. मग घरातलं बाकी सगळं बंद करून लाइट मीटरचा लाल दिवा मोजला. आमचा मीटर युनिटला ३२०० वेळा लुकलुकतो. दहा लुकलुकींना ७० सेकंद लागली, म्हणजे १६१ वॉट. मोटरमध्ये पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरोखर वापरला जाणारा हिस्सा) आडवा येतो, नुसत्या व्होल्ट-अँपिअरवरून बिलाचा अंदाज बांधला तर उगाच धास्ती बसते.

तक्रारीही आहेत. ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लहरीचा करंटही बरोबर मोजायची सोय) नसल्यामुळे एलईडी दिव्यांचा करंट कमी दाखवतो. डीसी अँपिअर मोजत नाही. सोलर पॅनेलच्या तारेला लावला तर शून्य, आणि हे मी खोक्यावर आधी वाचायला हवं होतं. प्रोबच्या वायरी थंडीत कडक होतात, एकीची साल सातव्या महिन्यात तडकली. ती जोडी लगेच फेकून नवी घेतली. पुन्हा घ्यायचा झाला तर हजारभर जास्त घालून ट्रू आरएमएस आणि एसी-डीसी दोन्ही मोजणारा घेईन. सध्या मीटर चुलत्यांकडे आहे. बोअरच्या पंपाच्या तिन्ही फेजचे अँपिअर बघतो म्हणून नेला, त्याला पंधरवडा झाला.